वाचकांचे प्रश्न : वेढ्यातला शिपाई कसा उभा करावा?

इतिहासातलं एखादं साल निवडायचं, त्या सालातला एक माणूस ठरवायचा आणि त्याचे कपडे, जेवण, हत्यारं, बोलणं अंगावर घेऊन दिवसभर लोकांत वावरायचं, या छंदावर आम्ही गेल्या अंकात लिहिलं होतं. परदेशात तो जुना आहे. कॅलिफोर्नियात १९६६ साली सुरू झालेली ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रॉनिझम’ ही संस्था आजही वेताच्या तलवारींनी लढाया लावते आणि तिथे प्रत्येक सभासद स्वतःसाठी मध्ययुगीन नाव-गाव घेतो. आपल्याकडे मर्दानी खेळांचे आखाडे आहेत, मिरवणुकीतले मावळे आहेत, चढायला किल्ले आहेत. त्यामुळे सातारा-सांगलीकडून आलेले प्रश्न थेट कामाचे होते. त्यातले काही इथे घेतले आहेत.

आमच्या गटात पंधराजण आहोत. अजिंक्यताऱ्याला औरंगजेबाने घातलेल्या वेढ्याचा देखावा करायचा आहे. सातजण सरदार झालेत आणि दोघांना छत्रपती व्हायचंय. पात्रं कशी वाटावीत? (सातारा)

दोन्ही छत्रपतींना आधी मोकळं करा. वेढा पडला डिसेंबर १६९९ मध्ये, किल्ला हातचा गेला एप्रिल १७०० मध्ये. या काळात राजाराम महाराज किल्ल्यावर नव्हते, आणि मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचं निधन झालं. किल्ल्यात होते किल्लेदार प्रयागजी प्रभू आणि शिबंदी, म्हणजे किल्ल्यावरची फौज. तुमचा देखावा या शिबंदीचा आहे.

शिवाजी महाराजांवरच्या सभासदाच्या बखरीत पायदळाची उतरंड दिली आहे : दहाजणांत एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार. म्हणजे तुमच्या पंधराजणांतून फार तर एक नाईक आणि त्याच्या हाताखालचे नऊ शिपाई निघतात. उरलेल्या पाचांना कामाची माणसं करा : कोठीवरचा कारकून, पाणी वाहणारा पखालजी, एक गोलंदाज, एक लोहार, एक जासूद. बघायला आलेली पोरं सरदारापुढे फोटो काढून दोन मिनिटांत निघून जातात; पखालजीला मात्र अर्धा तास सोडत नाहीत, कारण त्याच्या हातात काहीतरी चाललेलं असतं.

आता एकेक माणूस घडवा. साल १७०० पक्कं. वय २८ धरलं तर जन्म १६७२ चा. शिवाजी महाराज गेले तेव्हा हा आठ वर्षांचा, संभाजी महाराजांना मारलं आणि रायगड पडला तेव्हा सतराचा. म्हणजे राज्याभिषेक याने पाहिलेला असणं अवघड, आणि कळत्या वयापासून याने मोगलांशी चाललेली झुंजच पाहिली आहे. असा वयाचा तक्ता प्रत्येकाने वहीच्या एका पानावर मांडावा. त्यावरून पात्राला काय आठवतं, काय ऐकून माहीत आहे आणि काय माहीत असणं शक्यच नाही, हे आपोआप ठरतं. राजाराम महाराज गेल्याची बातमी वेढ्यात अडकलेल्या शिपायाकडे कुजबुज म्हणूनच पोचणार; तो तारीख-वार सांगायला लागला की पात्र फुटलं.

नाव घेताना कागदपत्रांतली पद्धत घ्या, ‘तुकोजी बिन रायाजी’ अशी. गाव ओळखीचं असावं, जावळी-कोरेगाव-माणकडचं, म्हणजे पीक, पाऊस, बाजार विचारला तरी अडायला होत नाही. एखाद्या नामांकित घराण्याचं आडनाव मात्र लावू नका. त्या घराण्यातले लोक गर्दीत असतात आणि चर्चा भलतीकडे जाते.

आणखी एक. किल्ला घेतल्यावर औरंगजेबाने त्याला आजमतारा नाव दिलं. अजिंक्यतारा हे नाव त्यानंतर मराठ्यांनी तो परत घेतल्यावरचं. तुमच्या शिपायाच्या तोंडी फक्त ‘सातारा’ हवा, आणि तोही किल्ला या अर्थाने, कारण खालचं शहर शाहू महाराजांच्या कारकिर्दीत वसलं. वेळ घटका-प्रहरांत (घटका २४ मिनिटांची), अंतर कोसात, धान्य शेर-पायलीत. तिथी शकाची : वेढा चालू असतानाच शके १६२१ संपून १६२२ लागलं, गुढीपाडवा आतच झाला.

सगळेच पात्रात राहिले तर बघणाऱ्याला वेढा काय होता हेच कळत नाही. म्हणून एकजण साध्या शर्टपँटमध्ये निवेदक ठेवा. “हे धरण कधी झालं हो?” असं कुणी विचारलं तर शिपायाने गोंधळल्याचं सोंग करत बसू नये, सरळ निवेदकाकडे बोट दाखवावं.

शिंप्याकडून बंदांचा अंगरखा शिवून घेतला. दोनदा घातला, दोन्ही वेळा काखेत टरकला. चोळणाही (आखूड तुमान) किल्ला चढताना आसनात फाटला. कापड चांगलं होतं. (कऱ्हाड)

कापडाचा दोष नाही, बेताचा आहे. शिंप्याने शर्टाचा बेत लावलेला दिसतो : गोल मुंढा आणि त्यात बसवलेली बाही. जुन्या कपड्यात मुंढा गोल कापत नसत. अंगाचे आणि बाहीचे सरळ आयत जोडायचे आणि काखेत चौकोनी तुकडा तिरका घालायचा, तो चौबगला. हात वर नेला की ताण त्या तुकड्याच्या तिरक्या विणीवर जातो आणि कापड तिथे सैल होतं. चौबगला नसला तर तोच ताण शिवणीवर येतो, आणि तलवारीचा हात वर गेला की शिवण उसवते. ती उसवली नाही तर शेजारचं कापड फाटतं, तुमचं तसंच झालं आहे.

३६ इंची पन्ह्याचा मांजरपाट घ्या. ४० इंच छातीच्या माणसाला मांडीपर्यंतच्या अंगरख्यासाठी सव्वातीन मीटर लागेल. कापायच्या आधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून वाळवा. कोरा मांजरपाट मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर आटतो, आणि शिवल्यावर आटला तर बाही मनगटावरून वर चढते. चौबगला १२ सेंटिमीटर चौरस, शिवणीचा दाब वेगळा. पुढचे पल्ले एकमेकांवर निदान १५ सेंटिमीटर यावेत. वरचा पल्ला डाव्या काखेखाली बांधा. त्या काळच्या चित्रांत हिंदूंचा जामा डावीकडे आणि मुसलमानांचा उजवीकडे बांधलेला दिसतो. मोगल बाजूची पात्रं करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. दहा पावलांवरून बाजू ओळखू येते.

बंद त्याच कापडाचे, २५ सेंटिमीटर लांब, चार पदरी दुमडून शिवलेले. नुसती पट्टी ठेवली तर तिची दोरी होते आणि घामाने भिजलेली गाठ सुटत नाही. बंद जिथे जोडता तिथे आतून रुपयाएवढा कापडाचा तुकडा लावा. बटण, हुक, वेल्क्रो काही नको. आतली लांब शिवण मशीनवर मारलीत तर आमची हरकत नाही, पण गळा, बंद आणि बाहीचं टोक हातशिलाईचं ठेवा, कारण लोकांची नजर तिथेच जाते.

चोळण्यालाही आसनात असाच तुकडा लागतो, १८ सेंटिमीटर चौरस. कमरेला घेर भरपूर घ्या, नाडीने आवळा आणि गुडघ्याखाली तंग ठेवा. किल्ला चढताना घोट्यापर्यंतची सलवार काट्यात अडकते. आणि शिंप्याला चित्र दाखवू नका. जुन्या चादरीचा कच्चा नमुना टाके घालून द्या, तोच उसवून तो बेत काढेल.

मंजिष्ठाने पागोट्याचं कापड रंगवलं. लाल हवा होता, मळकट तपकिरी आला. हिरडा लावून, मग तुरटी देऊन, लोखंडी कढईत तासभर खळखळून उकळलं होतं. (आटपाडी)

दोन्ही चुका तुमच्या पत्रातच सापडतात. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो, जुनी शाई अशीच करत. तुमच्या कढईने लालात ती काळी छटा मिसळली. दुसरं, मंजिष्ठ ७० अंशांपुढे तापलं की मुळातले तपकिरी रंग सुटतात आणि लालाला खातात. उकळी नकोच.

एक किलो मलमलीला, म्हणजे दोन पागोट्यांना, हे प्रमाण धरा. आधी २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळून कापडाची खळ काढा. खळ राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग १५० ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवा. सकाळी पिळून, न धुता, सावलीत वाळवा; कापड फिकट पिवळं दिसेल, तसंच दिसायला हवं. नंतर १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून पुन्हा रात्रभर. वाळल्यावर एकदाच हलकं खळबळा. ४०० ग्रॅम मंजिष्ठपूड आदल्या रात्री भिजत घाला आणि फडक्यात बांधून २० लिटर पाण्यात सोडा. भांडं स्टीलचं किंवा कल्हई केलेलं. तासाभरात सावकाश ६० ते ६५ अंशांवर न्या, तिथेच आणखी तासभर धरा, कापड सारखं वरखाली करा आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्या. मिठाईवाल्यांकडचा थर्मामीटर आणा, बोटाने अंदाज येत नाही. बोअरचं जड पाणी इथे उलट फायद्याचं, मंजिष्ठाचा लाल त्यात खुलतो.

तपकिरी झालेलं कापड टाकू नका. शिपायाच्या कमरेला गुंडाळायला तोच रंग शोभतो. लालभडक पागोट्यांचे पंधराजण एका रांगेत उभे राहिले तर ते बँडपथक वाटतं.

तलवारी कुठल्या घ्याव्यात? ऑनलाइन मिळणाऱ्या चकचकीत तलवारी चालतील का? पोलिसांचा काही त्रास? (तासगाव)

चकचकीत तलवार भिंतीवर ठीक. तिचं पातं स्टेनलेसचं असतं आणि मुठीच्या आत पेन्सिलीएवढी सळई वेल्डिंगने जोडलेली असते. पहिल्या जोरकस वारालाच ती वेल्डिंगपाशी मोडते आणि पातं समोरच्यावर किंवा प्रेक्षकांत जातं. पारखायची तर मूठ घट्ट धरून पात्यावर तळहात आपटा. मुठीत खुळखुळ किंवा टकटक ऐकू आली तर ती तलवार सरावातही नको.

लढतीसाठी आमचा सल्ला वेताचा किंवा भरीव बांबूचा आहे. वेत सव्वा इंच व्यासाचा घ्या, मुठीपासून टोकापर्यंत कापडी पट्टी गुंडाळा आणि टोकाला जाड चामड्याची टोपी बसवा. वेत झिजला की तंतू सुटतो आणि सांगून मोडतो. पोलाद न सांगता मोडतं. पोलादी बोथट तलवार करायचीच असेल तर लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याची करून घ्या : कडा निदान दोन मिलिमीटर जाड, टोक गोल घासलेलं, वजन एक ते सव्वा किलो. प्रत्येक सरावानंतर कडेवरून कापूस फिरवा. तो जिथे अडकेल तिथे दाता पडला आहे, कानशीने घासून काढा. दातेरी बोथट तलवार करवतीसारखी कापते.

वार खांद्यापासून मांडीपर्यंतच. डोकं, मान, गुडघा, बोटं वर्ज्य आणि भोसकणं अजिबात नाही. ठरलेली लढत आधी चालीच्या वेगाने, मग अर्ध्या वेगाने, मगच पूर्ण वेगाने. “थांबा” हा शब्द नाटकात कुठेही येऊ देऊ नका, तो खऱ्या अडचणीसाठी राखून ठेवा. दोरी लावून प्रेक्षक १५ फूट लांब. दांडपट्टा लढतीत घालू नका. पट्ट्याला मनगट नसतं, हात कोपरापर्यंत खोबणीत अडकलेला असतो, त्यामुळे ऐन वेळी वार आवरता येत नाही. पट्टा वेगळा, मोकळ्या रिंगणात, आखाड्यात शिकलेल्यानेच फिरवावा.

कायद्याचं म्हणाल तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र नियम २०१६ च्या यादीत येतात. त्याशिवाय सणावारी आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, त्यात लाठ्या-काठ्यासुद्धा येतात. बंदोबस्तावरच्या शिपायाला बोथट तलवार धारदारच दिसते. म्हणून पंधरा दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या : तारीख, वेळ, जागा, हत्यारांची संख्या आणि ती कशाची आहेत, सोबत फोटो. पोच घ्या आणि ती निवेदकाच्या खिशात ठेवा. हत्यारं गुंडाळून गाडीतून न्या, एसटीत हातात धरून नको. बंदुकीची खरी दारू कुठल्याही रूपात नको. तिला वेगळा परवाना लागतो आणि गर्दीत तिचं कामही नाही. तोडेदार बंदूक लाकडाची, जामगी (बत्तीची दोरी) न पेटवलेली. सुरुंगाचा स्फोट निवेदकाने सांगावा. एका सुरुंगाचा ढिगारा उलटून मोगलांच्याच माणसांवर कोसळला, हा प्रसंग नुसता सांगितला तरी लोक गप्प होतात.

किल्ल्यावर कार्यक्रम करायचा तर जागा पुरातत्त्व खात्याकडे, वनखात्याकडे की नगरपालिकेकडे, हे आधी तहसील कार्यालयात विचारा. एका खात्याचं पत्र दुसऱ्याला चालत नाही.

मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं बघून कपडे शिवले तर? आमच्या घरापासून जवळच आहे. (वाई)

बघायला जरूर जा, नक्कल करू नका. तो वाडा नाना फडणवीसांचा, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तुमचा शिपाई १७०० चा असेल तर ती चित्रं त्याच्या नातवंडांच्या काळातली. तोपर्यंत पागोट्याची घडण आणि अंगरख्याची लांबी दोन्ही बदलली होती. पानिपतानंतरचं, पेशवाईतलं पात्र करणार असाल तर मात्र तुमच्याइतका नशीबवान कुणी नाही.

गटात आम्ही चौघी आहोत. चौघी ताराबाई कशा होणार? आणि नऊवारी शिवलेली चालेल का? (मिरज)

ताराबाईंनी कारभार हाती घेतला तो राजाराम महाराजांच्या निधनानंतर. या वेढ्यात त्या किल्ल्यावर नव्हत्या, त्यामुळे एकही ताराबाई नको. चौघींना कोठी द्या. वेढ्यातल्या किल्ल्याचा जीव कोठीत असतो : किती पायली उरलं, कुणाला किती द्यायचं, कुठलं धान्य आधी किडणार. एकीने मापं आणि हिशेब, दोघींनी दळण, एकीने जखमांचं बघावं : हळद, तूप, कडुलिंब, जुन्या धडप्याच्या पट्ट्या. खरी प्रथमोपचाराची पेटीही तिच्याच गोणपाटाखाली ठेवा. उन्हाने चक्कर येणं आणि बोटं चेचणं, या दोन गोष्टी घडतातच.

जातं आणलंत तर आधी पाथरवटाकडून टाकी लावून घ्या. गुळगुळीत झालेल्या जात्यातून ज्वारी भरडून येते, पीठ पडत नाही. टाकी लावल्यावर पहिली दोन मुठी धान्य दळून फेकून द्या, त्यात दगडाची कच असते. घास मुठीने मोजून आणि थोडाच टाका. तोंड भरलं की पाळू (वरचा दगड) वर उचलते आणि खुंटा हाताला हिसका देतो.

शिवलेली नऊवारी नको. तिचा काष्टा वाकून दळताना ओढतो आणि शिवण लांबूनही दिसते. साधं सुती लुगडं, काठ अरुंद, जरी नाही. नेसताना गाठ बेंबीखाली घट्ट आणि काष्टा मागे खोल खोचा, खाली बसलं तरी निघत नाही. चोळी पुढे गाठीची, हूक नको. चोळीच्या बाहीलाही काखेत तुकडा हवा, कऱ्हाडच्या वाचकाला सांगितलं तेच. मोत्यांची मोठी नथ कुणब्याच्या घरात कुठून येणार? काचेच्या बांगड्या आणि कुंकू पुरे. चौघींपैकी एखादीला शिपाईच व्हायचं असेल आणि तिचा लाठीचा हात चांगला असेल तर आमच्या मते तिला खुशाल रांगेत घ्या. कमकुवत हाताचा पुरुष रांगेत उभा करण्यापेक्षा ते बरं.

शिदोरीत काय द्यावं? शेंगदाण्याचा ठेचा सगळ्यांना हवाय. (कोरेगाव)

सातारकराला शेंगदाणा नाही म्हणणं जिवावर येतं, पण नाही. शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो ही तिन्ही अमेरिका खंडाची पिकं, आणि आपल्या शेता-स्वयंपाकात ती रुळली इंग्रजी अमदानीत. साबुदाणा आणि चहाही बाद. मिरचीच्या जागी मिरी, आलं, लसूण वापरा, म्हणजे वाद उरत नाही.

ज्वारी-बाजरीची भाकरी, कांदा, हुलग्याचं माडगं, हरभऱ्याच्या डाळीचं पिठलं, ताक, गूळ. पंधराजणांच्या दोन वेळांना सात किलो पीठ धरा. माडग्याला हुलगे खमंग भाजून दळा. कच्चे दळले तर उग्र वास जात नाही. माणशी ५० ग्रॅम पीठ पाऊण लिटर पाण्यात गार असतानाच कालवा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. ढवळत उकळा, उतरवल्यावर ताक आणि मीठ. ताक आधी घातलं तर फुटतं. पितळेचं पातेलं असेल तर कल्हई बघून घ्या, उडालेल्या कल्हईत ताक कळकतं आणि पोटं बिघडतात. किल्ल्यावर चूल पेटवू नका, खालून शिजवून न्या. प्यायचं पाणी माणशी चार लिटर. जार गोणपाटात गुंडाळून कोठीत ठेवायचा, बाहेर फक्त तांबे दिसले पाहिजेत.

आम्हाला मराठेशाहीच्या आधीचं, यादवकाळातलं पात्र करायचंय. कपड्यांचा आधार कुठे मिळेल? (जत)

गावोगावच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर. धोतराचा काचा, केसांचा अंबाडा, आखूड तलवार आणि ढाल स्पष्ट दिसतात. ऊन तिरपं असताना, सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, बाजूने फोटो काढा; दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. शेंदूर किंवा तेल लावलेल्या वीरगळाला हात लावू नका, तो कुणाचा तरी देव आहे. रोजच्या जगण्याचे तपशील लीळाचरित्रात सापडतात. या काळाला शिवण फारशी लागत नाही, त्यामुळे पैसे कमी लागतात. धोतर न सुटता पळायचा सराव मात्र भरपूर करावा लागेल.

चष्म्याशिवाय मला दिसत नाही. चष्मा घालून शिपाई चालेल का? (सांगली)

लढत असेल तर दिसणं आधी, काळ नंतर. डॉक्टरांना विचारून लेन्स लावा. ते जमणार नसेल तर लढतीत उतरू नका. कोठीवरचा कारकून व्हा, चष्मा काढून ठेवा आणि मोडी डोळ्याजवळ धरून वाचा. नंबर फार असेल तर चष्मा घालूनच निवेदक व्हा. नाहीतरी ते काम घ्यायला कुणी तयार नसतं.